आठ गुरुवार

आमच्या इमारतीमागचा सोनमोहर पुन्हा फुललाय. त्याच्याखाली आप्पांची स्कूटर उभी असते, आणि या दिवसांत रोज सकाळी तिच्यावर पिवळ्या पाकळ्यांचा थर साचतो. सीटवर, हँडलवर, पाय ठेवायच्या जागेत. गेली पाच वर्षं ही स्कूटर जागची हललेली नाही. मागचा टायर पार बसलाय. भंगारवाला दोनदा विचारून गेला, आणि दोन्ही वेळा आई त्याच्यावर अशी खेकसली की आता तो आमच्या इमारतीसमोर ओरडायचाही बंद होतो. मी अधूनमधून फडकं घेऊन पाकळ्या झाडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच असतात.

काल वरच्या मजल्यावरची प्राजक्ता आली. तिची परीक्षा सोमवारपासून आहे.

"ताई, तुमचं पॅड देता का? माझ्या पॅडचा चाप तुटला."

मी कपाटावरून पॅड काढून दिलं. तिनं चाप दोनदा दाबून बघितला आणि बोट झटकलं.

"कसला घट्ट आहे हो हा!"

"आप्पांनी बसवलाय. वर्कशॉपमध्ये नेऊन."

तिनं खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या आप्पांकडे बघितलं आणि उगाच जरा मोठ्यानं म्हणाली, "थँक्यू हं काका." आप्पा पॅडकडे बघत होते. त्यांना ते ओळखू आलं की नाही, मला सांगता येणार नाही. हल्ली आप्पांबद्दल मला बऱ्याच गोष्टी सांगता येत नाहीत.

आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे बार्शीकडचे. भोसरीच्या एमआयडीसीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं लोखंड कातायची लेथ चालवली. त्यांच्या शर्टाला लेथवर सोडतात त्या कूलंटच्या पाण्याचा आंबूस वास यायचा आणि खिशात लोखंडाचा बारीक कीस सापडायचा. आई कपडे धुताना बोटाला टोचून घ्यायची आणि म्हणायची, "लोकांचे नवरे खिशात नोटा विसरतात." आप्पा हसायचे. त्यांचं हसणं फार मोठं नव्हतं, खांदे तेवढे हलायचे.

भोसरीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगावं लागतं, की आमचा रविवार गुरुवारी असतो. कधीकाळी विजेच्या सोयीसाठी कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटून दिल्या, आमच्या वाट्याला गुरुवार आला, आणि तो तसाच राहिला. शाळा रविवारी बंद, आप्पा गुरुवारी घरी. त्यामुळे लहानपणी आमची सुट्टी आणि आप्पांची सुट्टी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. पुण्याचे पाहुणे रविवारी यायचे आणि आप्पांना न भेटताच जायचे. त्यात गुरुवार म्हणजे आईचा दत्ताचा वार. घरात कांदासुद्धा चालायचा नाही, मटण तर लांबच. "दात हायत तर चणे न्हाईत," आप्पा म्हणायचे, "सुट्टी हाय तर मटण न्हाई." असं म्हणत साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घ्यायचे.

पण गुरुवारची शांतता मला अजून आवडते. आमच्या घरामागच्या गल्लीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीन आहेत. सहा दिवस त्यांचा धप्प-धप्प आवाज भिंतीतून येतो, इतका, की तो ऐकू येईनासा होतो. गुरुवारी पहाटे तो नसतो, आणि नसल्यामुळे जाग येते. मग कुठूनतरी कोकीळ ओरडते, गॅलरीगॅलरीतून निळे-राखाडी युनिफॉर्म वाळत असतात, सलूनसमोर बाकड्यावर माणसं पेपर वाचत नंबर लावून बसतात. त्या दिवशी आप्पा उशिरा उठत, दाढी करत, आणि मग जिन्यात बसून शेजाऱ्यांची बिघडलेली कुलपं, मिक्सर, पंखे दुरुस्त करत बसत. शाळेतून आले की मी शेजारी बसून पाना-पकड देत असे. तेवढीच आमची गाठ.

बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला गेले. म्हणजे आप्पांनी पाठवलं. पीएफमधून पैसे काढले, आईनं पाटल्या मोडल्या, आणि मी पहिल्याच वर्षी सणसणीत नापास झाले. एक-दोन नव्हे, पाच विषयांत. गणितात किती पडले ते मी अजूनही आईला खरं सांगितलेलं नाही. निकालाच्या दिवशी आप्पा नुकतेच कामावरून आले होते, मोरीत भुसा आणि साबण लावून हात घासत होते. मी दारात उभी राहून सांगितलं. ते घासत राहिले. मग पाणी ओतून म्हणाले,

"जॉब रिजेक्ट झाला म्हणून लेथ बंद करत्यात व्हय? दुसरा रॉड लावायचा."

लेथवर जो तुकडा घडवतात त्याला ते जॉब म्हणतात. मला तेव्हा त्या वाक्याचा धीर यायला हवा होता. मला आली ती शरम. कारण रॉडही त्यांचाच होता. त्या दिवशी मी मनाशी आणि मग सगळ्यांसमोर ठरवून टाकलं, की आता शिकेन ते स्वतःच्या पैशानं. आप्पांचा एक रुपया घेणार नाही. विशीतल्या माणसाला स्वाभिमान आणि हट्ट यांतला फरक कळत नाही, आणि कळतो तेव्हा विशी गेलेली असते.

दोन वर्षं चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला जाऊन मी पैसे साठवले. गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवायची लाइन होती. समोर फळी, फळीवर खिळे, त्या खिळ्यांमधून रंगीत वायरी ओढायच्या, टेप गुंडाळायची, पुढे सरकवायचं. टेपचा डिंक बोटांना असा बसायचा की भाकरी मोडतानाही चिकटायचा. मग चिंचवडच्या एका कॉलेजात सकाळच्या बी.कॉम.ला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारी तीनपासून दुसरी शिफ्ट. घरी येईपर्यंत आप्पा झोपलेले, उठून जाईपर्यंतही झोपलेले. माझ्या कंपनीलाही सुट्टी गुरुवारचीच, म्हणून आठवड्यातून फक्त गुरुवारी दुपारी आम्ही एकमेकांना जागे दिसत होतो.

लाइनवर माझ्या शेजारी रेश्मा होती, चिपळूणची. मी काम करताना अभ्यास पाठ करायचे आणि तिला ते ऐकावं लागायचं. लाल वायर ओढली की व्याख्या, पिवळी म्हणजे वैशिष्ट्यं, हिरवी म्हणजे फायदे, काळी म्हणजे तोटे. रेश्मा म्हणायची, "शुभा, तुझी परीक्षा झाली ना, की पास मीच व्हायची गो." खरंच, पेपरमध्ये बाकावर माझी बोटं हलायची आणि उत्तरं त्या हलण्यातून यायची.

पहिली दोन वर्षं साठवलेल्यात निघाली. तिसऱ्या वर्षी साठवण आटली. अर्धी फी भरली, अर्धी राहिली. त्या दिवाळीत आप्पांना बोनस मिळाला. पाडव्याच्या सकाळी ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि पाकीट पुढे केलं.

"ठेव. फीला हुतील."

"नको आप्पा. ठरलंय ना आपलं."

"तुजं ठरलंय," आप्पा म्हणाले. "मला कुणी इचारलं न्हाई."

ते हसतील असं मला वाटलं, पण खांदे हलले नाहीत. त्यांनी पाकीट शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावायला लागले. त्या जाड बोटांना ते बटण दोनतीनदा सापडलं नाही. मला ते दिसत होतं. मी उठून चहा टाकायला गेले. आज कुणी मला आयुष्यातली एक मिनिटभराची गोष्ट बदलू देईल, तर मी दुसरं काही मागणार नाही. मी ते पाकीट घेईन. घेऊन कपाटात ठेवून दिलं असतं, खर्च केलं नसतं, तरी चाललं असतं.

फेब्रुवारीत कॉलेजनं सांगितलं, फी पूर्ण झाल्याशिवाय हॉल तिकीट मिळणार नाही. कंपनीत तेव्हा काम तुंबलं होतं. सुपरवायझर म्हणाले, सुट्टीच्या दिवशी पहिल्या शिफ्टला कोण येणार? हजेरी डबल. मी लगेच हात वर केला. उरलेल्या फीचा हिशोब मी रुपयांत कधी केलाच नाही, गुरुवारांत केला. आठ गुरुवार. घरी येऊन कॅलेंडरवर आठ गोल काढले, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आई म्हणाली, "अगं, तेवढाच एक दिवस असतो दोघांना." मी म्हटलं, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

पहिल्या गुरुवारी पहाटे मी डबा भरून निघाले, तर आप्पा दारात उभे. अंगात स्वेटर, कानाला मफलर, हातात स्कूटरची किल्ली. ती दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची.

"झोपा ना आप्पा. सुट्टी आहे तुम्हाला."

"चल. सोडतो उड्डाणपुलापातुर."

कंपनीची बस उड्डाणपुलाखाली यायची. घरापासून दहा मिनिटं. आठही गुरुवार त्यांनी मला सोडलं. सारी भोसरी झोपलेली असायची. बंद शटरांच्या रांगा, रस्त्यात पेंगणारी कुत्री, एखाद्या चहावाल्याचा नुकता पेटलेला स्टोव्ह. एरवी जिथं ट्रकशिवाय काही दिसत नाही तिथून आप्पा स्कूटर अशी सावकाश न्यायचे, जणू वरातीत चाललोय. मी मागून म्हणायचे, "आप्पा, जरा जोरात घ्या, बस जाईल."

"जात न्हाई बस. मी हाय की."

मागच्या सीटवर मी मांडीवर वही उघडी धरून बसायचे, दिव्याच्या उजेडात जेवढं दिसेल तेवढं वाचायचे. दहा मिनिटंही वाया घालवायची नाहीत, असा माझा बाणा. आता वाटतं, त्या ऐंशी मिनिटांत मी त्यांच्या पाठीकडे नीट बघितलं असतं तरी पुरलं असतं. स्वेटरच्या मानेपाशी एक टाका सुटला होता, एवढंच मला आठवतं.

मार्च सरताना सोनमोहराला कळ्या आल्या. सातव्या गुरुवारी बसची वाट बघत उभे असताना आप्पा म्हणाले,

"फुडच्या गुरुवारी ऱ्हा की घरी. जरा काम हुतं."

"काय काम?"

"हाय असंच. निवांत बोलू."

"आप्पा, आता एकच राहिलाय. एवढा होऊ दे, फी भरते, परीक्षा देते. मग सगळे गुरुवार तुमचेच."

"बरं," आप्पा म्हणाले. बस आली. मी चढले आणि खिडकीतून हात न करता नेहमीसारखी वही उघडली.

आठव्या गुरुवारीही त्यांनी सोडलं. कामाचा विषय काढला नाही. "डबा घेतलास?" एवढंच विचारलं. शनिवारी मी फी भरली, हॉल तिकीट घेतलं. मंगळवारी वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळेला आप्पांच्या हातातून कप पडला. त्यांच्या शेजारच्या लेथवरच्या भोसलेकाकांचा मला फोन आला. "आप्पा जरा खाली बसलेत, पोरी. तू ये." काका घाबरलेले नाहीत असं दाखवत होते, त्यावरूनच मला कळलं.

उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब. दिवाळीचं पाकीट आईनं डब्यातून काढलं आणि औषधांच्या काउंटरवर दिलं. माझ्या फीला जे चाललं नाही ते तिथं चाललं.

परीक्षा मी देणार नव्हते. हॉस्पिटलच्या बाकड्यावर मी आईला तसं सांगितलं, तेव्हा तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "मग ते आठ गुरुवार कशाला घातलेस? जाऊन ये. तुझ्यासाठी नको जाऊस, त्यांच्या पहाटे उठण्यासाठी जा." मी गेले. चापवालं पॅड घेऊन गेले. बाकावर बोटं हलवली. लाल, पिवळी, हिरवी, काळी. पहिला वर्ग मिळाला. गुणपत्रिका आणून आप्पांच्या मांडीवर ठेवली, तर त्यांनी डाव्या हाताचा अंगठा तिच्या कडेवरून हळूहळू फिरवला. घडवलेल्या तुकड्याला धार राहिली नाही ना, हे ते असंच बघत असत.

आमच्या गाववाल्यांच्या मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ. अध्यक्ष म्हणाले, "या मुलीनं वडिलांचा एक पैसाही न घेता, स्वतःच्या कमाईवर पदवी मिळवली." टाळ्या झाल्या. मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं आनंदानं. ते चुकीचं काही बोलले नव्हते. पैसे माझेच होते. पण गुरुवार एकटीचे नव्हते, ते आम्हा दोघांचे होते, आणि मी ते न विचारता खर्च केले.

काय काम होतं आप्पांचं? पाच वर्षं मी हे विचारत आलेय. आई म्हणते, बार्शीची जमीन भावांत वाटायची होती, त्याचं असेल. भोसलेकाका म्हणतात, "एकदा लेकीचं कालेज बगून यायचंय असं म्हनत हुता गडी." दोन्ही खरं असेल. मी त्यांना समोर बसून विचारते, "जमिनीचं होतं का आप्पा? कॉलेज बघायचं होतं का?" ते डोळे भरून माझ्याकडे बघतात आणि दोन्ही प्रश्नांना सारखीच होकाराची मान हलवतात. कधीकधी वाटतं, काहीच काम नसेल. जिन्यात बसायचं असेल नुसतं, एखादं कुलूप उघडून, पकड मागायला शेजारी कुणीतरी हवं म्हणून. हे शेवटचं मला सगळ्यात खरं वाटतं आणि सगळ्यात सहन होत नाही.

त्या पदवीवर मला चांगली नोकरी लागली, हेही सांगायला हवं. चाकणलाच एका कंपनीत स्टोअर्समध्ये आहे, पंख्याखाली, टेबलखुर्चीवर. बोटांना डिंक नाही. सुट्टी गुरुवारचीच. मी शब्द दिला होता तसे आता सगळे गुरुवार आप्पांचेच आहेत. निदान मी तसं ठरवलं होतं.

पण आप्पांना वार कळतो. कॅलेंडर दाखवलं तर कळत नाही, प्रेसचा आवाज थांबला की कळतो. आजही तसंच झालं. पहाटे मागची गल्ली गप्प होती. मी चहा घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि ते अस्वस्थ झाले. डावा हात उचलून दाराकडे दाखवायला लागले. दाराशेजारच्या खिळ्याला किल्ली अजून तशीच टांगलेली आहे. किल्लीकडे बोट, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या मनगटावर, जिथं पूर्वी घड्याळ असायचं. बस जाईल.

"आप्पा, आज सुट्टी आहे मला. मी घरीच आहे."

त्यांनी जोरानं नकाराची मान हलवली. खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठायचा प्रयत्न केला. पाय हलला नाही, तसे ओठ थरथरायला लागले. हे दर गुरुवारी होतं. पहिले काही महिने मी समजूत घालत बसायचे, आणि ते लहान मुलासारखे रडायचे. सोडायला जमत नाही म्हणून रडायचे. डॉक्टरांनी सांगितलं, वाद घालू नका, त्यांच्या मनासारखं करा.

"बरं, बरं. निघते. आज रेश्माच्या गाडीवर जाते, तुम्ही बसा." मी उठले, ओट्यावरचा डबा उचलला. आई दर गुरुवारी तो भरून ठेवते. आप्पांनी डब्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"घेतला आप्पा, घेतला डबा."

तेव्हा कुठं ते शांत झाले आणि मागे टेकले. मी चप्पल घातली, दार ओढलं, जिना उतरून इमारतीच्या मागे आले. त्यांची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, तिथून हे झाड दिसत नाही. तासाभरानं त्यांचा डोळा लागेल, मग मी वर जाईन. तोवर कोकीळ ओरडत राहील आणि पाकळ्या पडत राहतील. मी फडक्यानं स्कूटरची सीट पुसली, आणि डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले.